पैशाविना गाव आणि वऱ्हाडचा अनुभव

पैसा नाही, खाजगी मालकी नाही, आणि त्या दोहोंचे रक्षण करणारी राज्यसंस्थाही नाही, असा समाज चालू शकेल काय? आमच्या अभ्यासवर्गांतून हा प्रश्न अधूनमधून निघतो आणि बहुतेक वेळा दोन वाक्यांत त्याची बोळवण होते. कोणी म्हणतो की माणूस मुळात स्वार्थी असल्यामुळे हे स्वप्नरंजन आहे. दुसरा कोणी म्हणतो की आधी सत्ता हाती येऊ द्या, मग पाहू. ही दोन्ही उत्तरे आळसाची आहेत. पहिल्यात माणसाचा अभ्यास नाही आणि दुसऱ्यात सत्तेचा नाही. वऱ्हाडातल्या कार्यकर्त्याला तर असे आळशी उत्तर मुळीच शोभत नाही, कारण या प्रश्नाची निम्मीअधिक सामग्री त्याच्या स्वतःच्या गावात, खळ्यात आणि गायरानात पडलेली आहे.

प्रथम एक शब्द स्वच्छ केला पाहिजे. अराजक म्हणजे बेबंदशाही. अराज्य म्हणजे दंडशक्तीवाचून चालणारी व्यवस्था. या दोहोंची गल्लत करून अराज्यवाद्यांची टिंगल करण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे. ज्या क्रोपॉटकिनने १९०२ साली परस्परसाह्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तो बाँब फेकण्याचे शास्त्र सांगत नव्हता. प्राणिसृष्टीत आणि मानवी इतिहासात स्पर्धेइतकेच सहकार्यही जगण्याचे साधन ठरले आहे, हे तो भूगोल आणि जीवशास्त्र यांच्या आधारे मांडत होता. फेब्रुवारी १९१६ मध्ये काशीच्या सभेत गांधीजींनी स्वतःला वेगळ्या प्रकारचा अराज्यवादी म्हणवून घेतले होते. अखेरीस राज्यसंस्था विरून जावी ही आकांक्षा मार्क्सच्या परंपरेतही आहेच. तेव्हा हा प्रश्न परक्यांचा नाही, समाजवादाच्याच घरातला आहे. भांडण आहे ते क्रमाचे: आधी काय जाईल आणि ते गेल्यावर त्याच्या जागी काय येऊन बसेल.

अराज्यवादी मित्र पैशाविना चालणाऱ्या समाजाचे चित्र भविष्यकाळात रंगवतात. वऱ्हाडात आणि देशावर असा समाज भूतकाळात शतकानुशतके नांदत होता. कुणब्याने पेरावे, सुताराने तिफण-वखर दुरुस्त करावे, लोहाराने फाळ शेवटावा, न्हाव्याने हजामत करावी, चांभाराने मोट शिवावी, आणि यांपैकी कोणीही कोणापाशी रोकड मागू नये. वर्षाचा हिशेब सुगीला खळ्यावर व्हावा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाड्या'त या व्यवस्थेचे जे वर्णन आहे ते प्रामुख्याने देशावरच्या गावांचे. वऱ्हाडातला तपशील थोडा निराळा असला तरी सांगाडा तोच. नाणे क्वचित दिसणारे, काम गरजेनुसार, मोबदला धान्याने. कागदावर हे चित्र मांडले तर एखाद्या युरोपीय अराज्यवाद्याचे डोळे पाणावतील.

परंतु त्या खळ्यावर रास मोजली जाताना कोण कुठे उभा असे? बलुतेदारांच्याही ओळी लावलेल्या होत्या. थोरली कास, मधली कास आणि धाकटी कास. कोणी किती काम केले यापेक्षा कोण कोणत्या कुळात जन्मला यावर वाटा ठरे. महाराच्या वाट्याला सरकारी निरोप पोचवणे, शीव राखणे, मयताची वर्दी परगावी नेणे, मेलेले ढोर ओढणे ही कामे. ती रात्री-अपरात्री, नकार देण्याची सोय नसलेली. मोबदला म्हणजे खळ्यावरचे बलुते आणि दारोदार मागून आणलेली भाकर. भाकर शिळी असली तरी तक्रार करायची कोणाकडे? या देवघेवीत पैसा नव्हता म्हणून हिशेब नव्हता असे नाही. हिशेब होता आणि तो अतिशय काटेकोर होता. फक्त तो वहीत लिहिलेला नसून जातीत लिहिलेला होता. आणि जातीतला हिशेब फेडून मोकळे होता येत नाही, हीच त्याची खुबी होती.

म्हणूनच एक घटना आमच्या अराज्यवादी मित्रांनी नीट पाहावी असे आम्हांस वाटते. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्यातील एक प्रमुख मागणी अशी होती की बलुत्याचे रूपांतर रोख रकमेत व्हावे आणि ती रयतेकडून सरकारने वसूल करून महारांना द्यावी. म्हणजे पैशाविना चाललेल्या व्यवस्थेच्या तळाशी असलेला माणूस काय मागत होता? तो पैसा मागत होता. कारण रोख रक्कम घेणाऱ्याला देणाऱ्याच्या दारात वाकून उभे राहावे लागत नाही. नोटेला आडनाव नसते. ती मोडताना वाणी जात विचारील कदाचित, पण नोटेची किंमत त्यामुळे कमी होत नाही. त्या विधेयकाला विरोध झाला, ते मार्गी लागले नाही, आणि कनिष्ठ गाववतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. विधेयक मुंबई इलाख्यापुरते होते, वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होते. परंतु वऱ्हाड-नागपूरकडच्या महारांनी तीच वाट कायद्यावाचून, आपल्या पायांनी काढली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, नागपूरची एम्प्रेस मिल, रेल्वे, हातमाग, जिथे रोख मजुरी मिळेल तिथे ते गेले. गाव सोडता येणे हा त्यांच्या स्वातंत्र्याचा पहिला अध्याय होता, आणि तो रोख मजुरीच्या आधाराने लिहिला गेला.

मालकीबाबतही तीच गोष्ट. अमरावतीचे अंबादेवीचे मंदिर कोणाही एका माणसाच्या मालकीचे नव्हते. ते देवीचे, म्हणजे समस्तांचे. विहिरी गावाच्या, पाणवठे गावाचे, स्मशानही गावाचे. तरीही १९२७ साली अंबादेवीच्या दारात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा यासाठी आंदोलन उभारावे लागले; पंजाबराव देशमुख त्यात पुढे होते आणि त्या नोव्हेंबरात अमरावतीत भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. आंबेडकरांनी भूषविले. खाजगी मालकी नसणे आणि मालमत्ता सर्वांची असणे या दोन गोष्टी एकच नाहीत, हा धडा वऱ्हाडाला त्या दारात मिळाला. समस्तांचे म्हणजे कोणाचे, हा प्रश्न मालक नाहीसा झाल्यावर अधिकच तीव्र होतो. मालकाशी निदान भांडता येते. 'समस्त गावकरी मंडळी' या सहीशी कसे भांडणार?

येथवरचे विवेचन वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की आम्ही पैशाची वकिली करतो आहोत. तसे नाही. पैशाने वऱ्हाडात काय केले हे वऱ्हाडी माणसाला सांगण्याची गरज नाही. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. त्यानंतरच्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची नजर अकोला-अमरावतीच्या काळ्या जमिनीवर पडली. रेल्वे आली, कापसाच्या बाजारपेठा वाढल्या, रयतवारीची पैमाशी झाली. शेतसारा रोखीत आणि ठरल्या तारखेला भरायचा झाला, आणि जमीन गहाण टाकण्याची व विकण्याची वस्तू बनली. युद्ध संपताच कापसाचा भाव कोसळला. सावकाराचे खाते मात्र कोसळले नाही. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात ज्या प्रांताची पांढरी संपत्ती जगाच्या बाजारात मिरवत होती, त्याच प्रांतात माणसे अन्नान्न करून मेली. १८९१ च्या खानेसुमारीत सुमारे २९ लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाखांवर आली. पिकवायचे ते विकण्यासाठी आणि खायचे ते विकत आणून, ही जी गाठ तेव्हा बसली ती अद्याप सुटलेली नाही. १९७२ पासून सुमारे तीन दशके कापूस एकाधिकार खरेदी योजनेने ती सैल करण्याचा प्रयत्न केला. तो कसा खचला, त्यात दप्तराचा दोष किती आणि राजकारणाचा किती, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. २००६ साली पंतप्रधानांना अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर करावे लागले ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे, आणि त्या पॅकेजनंतरही आत्महत्या थांबल्या नाहीत.

म्हणजे ज्या रोकडीने महारवाड्याची वेस उघडली, तिनेच कास्तकाराच्या गळ्याला फास लावला. हा विरोधाभास केवळ शब्दांचा नाही. पैशाची दोन कामे आहेत आणि ती निरनिराळी आहेत. मजुरी म्हणून हाती आलेला पैसा माणसाला कोणाच्या मेहेरबानीवाचून जगण्याची मुभा देतो. कर्ज म्हणून घरात शिरलेला पैसा त्याची जमीन आणि पुढील वर्षाची मेहनत आगाऊ गिळतो. पहिल्या पैशाची खाण्यापिण्यापुरती चाल असते. दुसरा पैसा जमिनीवर ताबा मिळवतो म्हणून वाढतो. जमीन, पाणी आणि जंगल यांना विकत घेण्याचे सामर्थ्य पैशातून काढून घेतले तर त्याचे दात बरेचसे पडतील. अराज्यवादी मित्र दात आणि जीभ एकदमच उपटू पाहतात, अशी आमची तक्रार आहे.

हा प्रयोग आपल्या अगदी शेजारी एकदा झालेला आहे आणि तो करणारा माणूस अप्रामाणिक नव्हता. १९५०-५१ च्या सुमारास पवनारच्या परंधाम आश्रमात, धाम नदीच्या काठी, विनोबांनी कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभला. आश्रमाचा कारभार पैशावाचून चालवायचा, देणगी घ्यायची तर श्रमाची, आणि शेती बैलांवाचून, हाताने खणून करायची. तिला त्यांनी ऋषिशेती म्हटले. या प्रयोगाची थट्टा करणारे तेव्हाही होते. आम्ही थट्टा करणार नाही. शिकलेल्या ब्राह्मण घरातील तरुणांनी कुदळ घेऊन दिवसचे दिवस जमीन खणली, आणि आपले पोट आपल्या श्रमावर चालते की नाही ते तपासले, यात या देशापुरती एक मोठी क्रांती आहे. मात्र त्याच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत. आश्रमात आलेला प्रत्येक जण स्वेच्छेने आला होता आणि जाण्यास मोकळा होता. तेथे हुंडा नव्हता, पोरीचे लग्न नव्हते, म्हातारपणाची सोय व्रताने झालेली होती. गाव म्हणजे नेमके या सगळ्यासकट असते.

आणि लगेच काय घडले पाहा. मार्च १९५१ मध्ये विनोबा पवनारहून पायी निघाले, शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला गेले, आणि १८ एप्रिलला तेलंगणातील पोचमपल्लीत पोचले. तेथील दलित भूमिहीनांनी त्यांच्यापुढे मागणे मांडले ते ऐंशी एकर जमिनीचे. कांचनमुक्तीचे व्रत घेऊन आलेल्या संतापुढे त्यांनी पैशापासून मुक्ती मागितली नाही. कांचन त्यांच्यापाशी नव्हतेच. विनोबांनी ते ऐकले आणि आपली वाट बदलली, हे त्यांचे मोठेपण. तेथून भूदान निघाले आणि भूदानातून ग्रामदान. पाच कोटी एकरांचे लक्ष्य होते, हाती चाळीस लाखांहून थोडी अधिक एकर जमीन आली, आणि तिच्यातील बरीच वाटपास अयोग्य निघाली किंवा वाटलीच गेली नाही. जयप्रकाशजींनी १९५४ साली बोधगयेत या कार्याला जीवनदान दिले तेव्हा समाजवादी चळवळीच्या अंगाला कापरे भरले होते; तो वाद जुन्या साथींना आठवत असेल. १९६९ पर्यंत लाखाहून अधिक गावे ग्रामदानात आल्याची नोंद झाली, सारा बिहार दान झाल्याचे जाहीर झाले. पुढच्याच वर्षी जयप्रकाशजी मुझफ्फरपूरच्या मुसहरी विभागात जाऊन बसले, तेव्हा त्यांना दिसले की दान कागदावर आहे आणि जमीनदार जमिनीवर आहे. हे त्यांनी लपविले नाही, स्वतः लिहून प्रसिद्ध केले. मालकी सोडण्याची सही मालकाच्या सद्भावनेवर टाकली की तिचे काय होते, याचा याहून प्रामाणिक पुरावा मिळणार नाही.

मग सद्भावनेऐवजी क्रांती झाली तर? तेही घडलेले आहे. जुलै १९३६ नंतर स्पेनच्या आरागॉन प्रांतात शेकडो गावांनी जमिनी एकत्र केल्या, आणि अनेक गावांनी सरकारी चलन बाद केले. कोणत्याही मुक्तिसेनेने करावा इतका तो प्रामाणिक प्रयत्न होता. थोड्याच दिवसांत गावोगाव कुपने छापावी लागली, कारण कोणाला किती तेल आणि किती पीठ द्यायचे ते कशाने तरी मोजावे लागते. एका गावचे कुपन दुसऱ्या गावी चालेना. सुपीक जमिनीचे गाव सुखी राहिले, खडकाळ जमिनीचे गाव पूर्वीसारखेच उपाशी. ही विषमता मिटविण्यासाठी फेब्रुवारी १९३७ मध्ये कास्पे येथे गावांनी आपला संघ स्थापन केला, पण त्याला काम करण्यास सहा महिनेच मिळाले. ऑगस्टमध्ये प्रजासत्ताक सरकारने, कम्युनिस्ट सेनापतीच्या फौजा पाठवून, हे सामुदायिक उपक्रम मोडून काढले. ते आपोआप कोलमडले असे म्हणणे अन्यायाचे होईल, ते मारले गेले. परंतु बागायती गाव आणि खडकाळ गाव यांच्यामधला प्रश्न फौजेने निर्माण केलेला नव्हता. आपल्याकडे तो पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील अकोल्याचे गाव आणि संत्र्याच्या बागांतील वरूड-मोर्शीचे गाव यांच्यामध्ये उभा राहील. (कंबोडियात १९७५ ते १९७९ पर्यंत राज्यसंस्थेनेच बंदुकीच्या जोरावर चलन रद्द केले त्याचा उल्लेख येथे केवळ एवढ्यासाठी, की पैसा नाहीसा करणे आणि माणूस मुक्त करणे यांचा कोणताही आपोआप संबंध नाही.)

आता दुसरी बाजू, कारण ती अधिक आशेची आहे आणि आपल्या कार्यकर्त्यांना कमी माहीत आहे. खाजगी मालकीवाचून मालमत्ता सांभाळता येते काय? येते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला वनाधिकार कायद्याखाली २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या जंगलातील बांबू विकण्याचा वाहतूक परवाना वनखात्याऐवजी ग्रामसभेच्या हाती यायला २०११ साल लागले, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्र्याला गावात यावे लागले. २०१३ साली गावातील जमीनधारकांनी १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली आपल्या शेतजमिनींची मालकीही ग्रामसभेकडे दिली. तेथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुन्हा. आमच्याच जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी अचलपूर तालुक्यातील पायविहीर या गावाने २०१२ साली सुमारे १९३ हेक्टर उजाड जंगलावर हक्क मिळविला, रोजगार हमीच्या कामांतून तेथे झाडे लावली, आगी रोखल्या, चराईला आवर घातला, आणि तेंदूपाने व सीताफळे ग्रामसभेमार्फत विकू लागले. २०१४ साली या गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वनखात्याच्या ताब्यात जे जंगल बोडके झाले ते मालक नसलेल्या गावाच्या ताब्यात हिरवे झाले. सामायिक मालमत्ता ही कोणाचीच नसते म्हणून तिची नासाडी होते, असे अर्थशास्त्राच्या वर्गात शिकविणाऱ्यांनी एकदा परतवाड्याची एस.टी. धरावी.

परंतु या यशाचा बारकाईने विचार केला की दोन गोष्टी दिसतात. मेंढ्याने बांबू विकला तो रुपयांत. पायविहीरचा सीताफळाचा गल्ला ग्रामसभेच्या खात्यात जातो तोही रुपयांत, आणि मजुरी रोख मिळते. मालकी सामायिक केली म्हणून पैसा टाकावा लागला नाही. उलट पैसा असल्यामुळे ग्रामसभेचा हिशेब सर्वांसमोर वाचून दाखविता आला. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. मेंढा हे एका जमातीचे गाव आहे. तेथे एकमत करताना प्रश्न मताचा असतो, जन्माचा नसतो. दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूर या मैदानी तालुक्यांतील गावात सर्वसहमतीची सभा बोलाविली तर कोणाची सहमती कोणावर लादली जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. ज्याच्या शेतात उद्या निंदायला जायचे आहे त्याच्या विरोधात आज सभेत हात कसा वर करणार?

डॉ. आंबेडकरांनी या प्रश्नाचे उत्तर अराज्यवाद्यांच्या नेमके उलट टोकाने दिले होते. १९४७ साली संविधान सभेसाठी तयार केलेल्या आपल्या निवेदनात त्यांनी शेतीला राज्याचा उद्योग करावे, जमीन राज्याच्या मालकीची व्हावी, आणि ती गावातील कुटुंबांच्या गटांना जातपात न पाहता सामुदायिक कसण्यासाठी द्यावी, अशी मागणी केली. जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन मजूरही नको. खाजगी मालकी जावी याबाबत विनोबा आणि आंबेडकर यांच्यात मतभेद नव्हता, हे लक्षात घ्यावे. मतभेद होता तो गावाविषयी. एकाला गाव हे राज्याला पर्याय वाटत होते. दुसऱ्याला गावापासून संरक्षण देण्यासाठीच राज्य हवे होते. आम्ही या वादात निःसंकोचपणे असे म्हणू की वऱ्हाडच्या मैदानात आंबेडकरांची शंका खरी ठरली आहे. पण त्यांचा उपाय जसाच्या तसा घेता येत नाही; जमिनीचे मालक झालेले खाते कसे वागते याचा अनुभव मेळघाटच्या कोरकूंनी वनखात्याकडून पिढ्यान्‌पिढ्या घेतला आहे. अराज्यवाद्यांचे येथे ऐकावेच लागते. राज्याने जंगलातून बाहेर पडावे आणि वस्तीवर हल्ला झाला तर ताबडतोब आत यावे, अशी ही मागणी आहे. ती विसंगत भासेल. प्रत्यक्षात दुर्बलाला दोन्ही हवे असते.

गाडगेबाबांचे उदाहरण येथे आठवते. अमरावती जिल्ह्याच्या या पुत्राने स्वतःसाठी पै ठेवली नाही, घर बांधले नाही, आणि डिसेंबर १९५६ मध्ये वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी, प्रवासातच देह ठेवला. परंतु धर्मशाळा बांधण्यासाठी पैसा गोळा करताना त्यांनी कधी नाक मुरडले नाही, आणि तो कोणाच्या खिशात जाणार नाही याची व्यवस्था मात्र पक्की केली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. लिहितावाचता न येणाऱ्या त्या माणसाला मालकी आणि पैसा यांतला फरक अनेक पंडितांपेक्षा चांगला कळला होता.

हे सारे आज वऱ्हाडात कुठे येऊन ठेपते? ते ई-क्लास जमिनीवर येऊन ठेपते. इतरत्र जिला गायरान म्हणतात ती आपल्याकडे ई-क्लास. कोणाच्याही खाजगी मालकीची नसलेली, गावाच्या गुरांसाठी राखलेली ही सरकारी जमीन म्हणजे वऱ्हाडातील शेवटची सामायिक संपत्ती. तिच्यावरच बौद्ध, मातंग आणि पारधी भूमिहीनांनी नांगर घातला, झोपड्या घातल्या. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांत लाखो माणसे याच मागणीसाठी तुरुंगात गेली. १९९१ सालच्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले. अंमल अर्धामुर्धाच झाला. त्यानंतर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला, आणि २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील बांधकामांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला तेव्हा राज्यात अशी दोन लाखांहून अधिक बांधकामे असल्याचे सरकारने सांगितले. आता गावातले बडे कास्तकार सामायिक मालकीचे कैवारी बनले आहेत. गायरान सर्वांचे आहे, ते मूठभरांनी बळकावले, असे ते म्हणतात. ज्यांच्याकडे गुरे आहेत त्यांचे ते 'सर्वांचे'. आणि त्याच वेळी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखाली हीच गायराने सौर प्रकल्पांकडे जाऊ लागली आहेत, तेव्हा या कैवाऱ्यांचा आवाज फारसा ऐकू येत नाही.

आमचा एखादा अराज्यवादी मित्र येथे म्हणेल की भूमिहीनाला सातबारा देणे म्हणजे आणखी एक खाजगी मालक निर्माण करणे. तत्त्वतः ते खरे आहे, आणि तो सातबारा दहा वर्षांत सावकाराकडे जाईल ही भीतीही खरी आहे. म्हणून मागणी विक्रीयोग्य पट्ट्याची नसावी. वहिवाटीचा वारसा मिळावा पण विक्री आणि गहाण बंद, पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे, चराई आणि जळणासाठी राखलेला भाग कसणाऱ्यांच्या समितीकडे, आणि त्या समितीत भूमिहीनांचे बहुमत कायद्याने ठरलेले. ग्रामदान कायद्यात विक्रीबंदी आणि वारसाहक्क यांची सांगड पूर्वीच घातलेली आहे. तो कायदा गावाच्या तीन-चतुर्थांश मालकांच्या संमतीवर अवलंबून ठेवला म्हणून मैदानी गावांत निजून राहिला. ई-क्लास जमिनीला मालकांच्या संमतीची गरजच नाही, कारण तिला मालक नाहीत. तेथे त्याच तरतुदी लागू करायला कोणाचे हृदयपरिवर्तन व्हावे लागत नाही.

यासाठी लागणारी पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक गावातील ई-क्लास जमिनीची खरी नोंद: गट क्रमांक, एकूण क्षेत्र, आज कोण कसतो, केव्हापासून, सौर प्रकल्पाकडे किती गेली, आणि वजनदार घरांनी बांध सरकवून किती खाल्ली. तलाठ्याकडे गाव नमुना एक-ई ही अतिक्रमणांची नोंदवही असते. तिच्यात झोपडीची नोंद हमखास सापडते, सरकलेल्या बांधाची सापडत नाही. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतील आमच्या शाखांनी पेरणीपूर्वी आपापल्या गावची ही वही मागून घ्यावी, बसस्टँडजवळच्या पारावर नव्हे तर वस्तीत बसून ती मोठ्याने वाचावी, आणि जिथे नोंद खोटी आहे तिथे कसणाऱ्या बायांच्या अंगठ्यांसह हरकत तहसीलदाराकडे दाखल करावी.